भारत, इंडिया, हिंदू, बौद्ध : देशाची आणि धर्माची नावं कुठून आली

देशाचं नाव आणि धर्माचं नाव ह्या दोन गोष्टी आपल्याला जन्मासोबतच मिळतात, त्यामुळे त्या कायम अशाच होत्या असं वाटत राहतं. पण आपल्या देशाची आज एकाच वेळी चार नावं चालू आहेत, पासपोर्टवर भारत गणराज्य आणि रिपब्लिक ऑफ इंडिया दोन्ही छापलेलं असतं, जामठ्याच्या स्टेडियमात पब्लिक इंडिया इंडिया ओरडते, परेडला जय हिंद, आणि सत्यनारायणाला बसलं की गुरुजी भरतखंडे जंबुद्वीपे म्हणतात. धर्माच्या नावांचंही तसंच आहे, हिंदू हा शब्द मुळात धर्माचा नव्हताच आणि बौद्ध हे नाव नागपुरात 1956 साली लाखो लोकांनी ठरवून, शपथ घेऊन स्वीकारलं. या नोंदीत नागपूर बऱ्याचदा येईल कारण ह्या नावांचे काही मोठे निर्णय इथे झालेत किंवा इथल्या प्रांतातल्या माणसांनी त्यात भाग घेतलाय.

सिंधूपासून इंडियापर्यंत

हिंद, हिंदू, हिंदुस्थान, इंडिया ह्या सगळ्यांचं मूळ एकच, सिंधू नदी. ऋग्वेदात सप्तसिंधू येतं आणि इराणी लोकांच्या अवेस्ता या जुन्या धर्मग्रंथात तेच हप्त हेंदू म्हणून येतं, कारण संस्कृतात जिथे स आहे तिथे जुन्या इराणी भाषेत बऱ्याच शब्दांत ह होतो, सोमाचा हओम, असुराचा अहुर, सप्तचा हप्त. आपण घराच्या लोनचा हप्ता भरतो तो हप्ता फारसीतून आलेला, म्हणजे सात दिवसांचा, आणि गावात हरिनाम सप्ताह बसतो तो सप्ताहही सातचाच, दोन्ही एकाच घरातले शब्द आहेत. हे एकदा लक्षात आलं की सिंधूचं हिंदू कसं झालं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इराणचा सम्राट दारयवहू पहिला याच्या ख्रिस्तपूर्व सहाव्या-पाचव्या शतकातल्या शिलालेखांत त्याच्या ताब्यातल्या प्रांतांच्या यादीत हिंदुश हे नाव कोरलेलं आहे, आणि तिथे त्याचा अर्थ फक्त सिंधूकाठचा मुलूख एवढाच आहे, धर्माचा काही संबंध नाही.

इराण्यांकडून ते ग्रीकांकडे गेलं. आयोनियन ग्रीक बोलीत सुरुवातीचा ह उच्चारत नसत म्हणून नदी इंडोस झाली आणि तिच्या पलीकडचा देश इंडिके, हेरोडोटसने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हेच नाव वापरलं आणि चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारात आलेल्या मेगॅस्थेनिसने इंडिका ह्याच नावाने ग्रंथ लिहिला, पुढे लॅटिनमध्ये इंडिया. त्यामुळे इंडिया हे नाव इंग्रजांनी दिलं असं जे सर्रास बोललं जातं ते बरोबर नाही, ब्रिटिश यायच्या दोन हजार वर्षं आधीपासून ते युरोपात चालू होतं. आणि इंडिया म्हणजे इंग्रजीतल्या कुठल्या तरी पाच शब्दांची आद्याक्षरं, ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाल्याचा शॉर्टफॉर्म, असा जो फॉरवर्ड दर 15 ऑगस्टला फिरतो तो तर पूर्ण बनावट आहे, कृपा करून तो शाळेतल्या पोरांना भाषणात देऊ नका.

हिंदुस्थान हे नाव इराणच्या सासानी घराण्यातला राजा शापूर पहिला याच्या तिसऱ्या शतकातल्या शिलालेखात हिंदस्तान अशा रूपात आहे, स्तान म्हणजे जागा, संस्कृत स्थानचा भाऊबंदच, म्हणून मराठीत आपण हिंदुस्थान असं थ लावून लिहितो. अरबांनी सिंध आणि हिंद अशी दोन नावं वेगळी ठेवली, सिंध म्हणजे नदीच्या खालच्या अंगाचा प्रांत आणि हिंद म्हणजे त्यापलीकडचं सगळं. चिंचेला ते तमर हिंदी म्हणजे हिंदचा खजूर म्हणायचे आणि इंग्रजीतलं टॅमरिंड त्यातूनच आलं. चिनी लोकांनीही शेंदू, तियानझू अशी नावं केली, सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने बरोबर नाव यिंदू आहे असं लिहून त्याचा अर्थ चंद्राशी जोडला, पण तो अर्थ त्याने नंतर लावलेला, मूळ नदीच. कोलंबस 1492 साली अमेरिकेच्या बेटांवर उतरला आणि आपण इंडियाला पोचलो समजला म्हणून वेस्ट इंडीज, आणि तिथल्या मूळ माणसांना इंडियन.

भारत

हे नाव आतून आलेलं. ऋग्वेदात भरत नावाचा एक जनसमूह आहे, त्यांचा राजा सुदास, आणि परुष्णी म्हणजे आजच्या रावीच्या काठी दहा राजांच्या युतीशी त्याची लढाई झाली तिला दाशराज्ञ युद्ध म्हणतात. तिसऱ्या मंडलात विश्वामित्राच्या तोंडी भारत जनांचं रक्षण करणारी प्रार्थना येते, म्हणजे भारत हा शब्द आधी माणसांचा होता, जमिनीचा मागाहून झाला. पुढच्या ग्रंथांत भरत नावाची माणसं वेगवेगळी सांगितलीत, महाभारतात दुष्यंत-शकुंतलेचा मुलगा भरत, तर भागवतात आणि जैन परंपरेत ऋषभदेवांचा मुलगा भरत. दोन्ही परंपरा जुन्या आहेत आणि एकीसाठी दुसरी खोटी पाडायची गरज नाही, नावाचा मान आपल्याकडे असावा असं दोघांनाही वाटलं यातच त्या नावाची किंमत कळते. विष्णुपुराणात तर सीमाच दिलीय, समुद्राच्या उत्तरेला आणि हिमालयाच्या दक्षिणेला जो प्रदेश आहे त्याचं नाव भारत आणि तिथली संतती ती भारती. दगडावर कोरलेला जुना पुरावा म्हणजे ओडिशातल्या हाथीगुंफेतला खारवेल राजाचा लेख, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा, त्यात भरधवस म्हणजे भारतवर्ष येतं. मात्र तिथे अर्थ बहुतेक उत्तरेकडचा प्रदेश असा आहे, सगळा देश नाही, हळूहळू त्या नावाची हद्द वाढत गेली.

भारतच्याही आधी दगडावर सापडतं ते जंबुद्वीप. अशोकाने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आपल्या लघुशिलालेखांत देशासाठी हाच शब्द वापरला, असा एक लेख आपल्या नागपूरकडून जबलपूरच्या पुढे गेलं की कटनी जिल्ह्यात रूपनाथला आजही आहे. आणि हे नाव मेलेलं नाही. संकल्प सोडताना भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे असं म्हणून मग गोदावरीचा कुठला काठ ते सांगायचं असतं, पुण्याकडचे गुरुजी गोदावर्याः दक्षिणे तीरे म्हणतात आणि आपण विदर्भातले उत्तरे तीरे. इतकं बारीक पत्ता सांगणारं नाव कुठल्याही सरकारी कागदाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलंय.

संविधान सभेतली चर्चा

1948 च्या मसुद्यात भारत हा शब्दच नव्हता, फक्त इंडिया राज्यांचा संघ असेल एवढं होतं. 17 आणि 18 सप्टेंबर 1949 ला यावर चर्चा झाली आणि त्यात पुढे होते हरी विष्णू कामत आणि सेठ गोविंददास, दोघंही मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सदस्य, ज्या प्रांताची राजधानी तेव्हा आपलं नागपूर. कामतांची दुरुस्ती अशी होती की आधी भारत म्हणा आणि इंग्रजी भाषेत इंडिया असं सांगा, त्यांनी हिंद, हिंदुस्थान, भारतभूमी, भारतवर्ष असे पर्यायही मांडले आणि ते इतिहासात शिरले तेव्हा बाबासाहेबांनी मध्येच हे सगळं उगाळायची गरज आहे का असं विचारलं. वेळ कमी होता आणि कामं डोंगराएवढी होती, तरी मला वाटतं कामतांचा आग्रह योग्य होता, नवीन देशाने स्वतःचं नाव काय लावायचं यावर थोडा वेळ घालवायलाच पाहिजे होता. कल्लूर सुब्बाराव या सदस्याने तर सिंधू नदी आता पाकिस्तानात गेली मग तिच्यावरून आलेलं नाव आपण कशाला ठेवायचं असा मुद्दा काढला. जिनांना 1947 मध्येच उलटा राग आलेला, फाळणीनंतर इंडिया हे नाव एकट्या ह्या बाजूने घ्यावं हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी कामतांची दुरुस्ती 38 विरुद्ध 51 मतांनी पडली आणि इंडिया दॅट इज भारत हे शब्द कलम 1 मध्ये बसले. भारत हेच एकमेव नाव ठेवा अशी याचिका सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये फेटाळली, आणि सप्टेंबर 2023 मध्ये जी-20 च्या जेवणाच्या निमंत्रणावर प्रेसिडेंट ऑफ भारत छापलं तेव्हा हा वाद परत उसळला, पण कायद्याने दोन्ही नावं सारखीच अधिकृत आहेत.

हिंदू : मुलखाचं नाव ते धर्माचं नाव

सुरुवातीला हिंदू म्हणजे सिंधूपलीकडचा माणूस, कुठल्याही पंथाचा. लोक स्वतःला शैव, वैष्णव, जैन, नाथपंथी किंवा सरळ जातीच्या नावाने ओळखायचे, विदर्भातच रिद्धपूरला ज्यांचं मोठं स्थान आहे त्या महानुभावांना परमार्ग, भटमार्ग आणि पंजाबात जयकृष्णी अशी कितीतरी नावं होती. बाहेरून तुर्क आल्यावर ते आणि आपण असा फरक बोलायची वेळ आली तेव्हा हा शब्द आतल्यांनी उचलला. विजयनगरचे राजे चौदाव्या शतकात स्वतःला हिंदुरायसुरत्राण म्हणवून घेत, गंमत बघा की सुरत्राण म्हणजे सुलतान, म्हणजे हिंदू हे आलेलं नाव आणि सुलतान ही आलेली पदवी दोन्ही त्यांनी अभिमानाने संस्कृतात बसवले. नामदेवांचं पद गुरु ग्रंथसाहिबात आहे त्यात हिंदू आणि तुर्क दोघांनाही सुनावलंय, सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदु-तुर्क संवाद लिहिला. इंग्रजीतला हिंदुइझम हा शब्द मात्र अठराव्या शतकाच्या शेवटी येतो, राममोहन रॉय यांनी 1816 च्या सुमारास तो वापरला, आणि मग हळूहळू हा एक धर्म आहे ही कल्पना जनगणनेच्या रकान्यांतून आणि कायद्यांतून पक्की झाली.

दोन फॉरवर्डबद्दल इथेच सांगतो. फारसीत हिंदू म्हणजे चोर म्हणून हे नाव टाका, हा एक. फारसी कवितेत पुढे हिंदूला काळा, गुलाम, लुटारू असे अर्थ चिकटले हे खरं, पण ते मागाहून, नदीचं नाव त्याच्या कितीतरी शतकं आधीचं. दुसरा म्हणजे हिमालयापासून इंदुसरोवरापर्यंतचा देश तो हिंदुस्थान असा जो श्लोक प्राचीन म्हणून पाठवतात तो कुठल्याही वेदात नाही, आणि हीन गोष्टींना दूषण देतो तो हिंदू ही व्याख्या मेरुतंत्र नावाच्या फार उशिराच्या ग्रंथातली आहे.

सावरकरांनी हिंदू कोण याची व्याख्या करणारं हिंदुत्व हे पुस्तक इंग्रजीत लिहिलं, ते तुरुंगात असल्याने अ मराठा या टोपणनावाने 1923 साली छापलं गेलं ते नागपुरातून. त्यांची व्याख्या परत नदीवरच गेली, सिंधूपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याला पितृभू आणि पुण्यभू वाटते तो हिंदू. स्वतंत्र भारताच्या कायद्याने वेगळा रस्ता घेतला, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीख येतातच आणि जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही तोही साधारणपणे येतो, म्हणजे कोण आहे यापेक्षा कोण नाही यावरून ठरतं.

बौद्ध

बुद्धाच्या काळी भिक्खूंना शाक्यपुत्रीय समण म्हणत आणि शिकवणुकीला धम्म, सासन. बौद्ध हे संस्कृत विशेषण. त्याला आज महाराष्ट्रात जो जिवंत अर्थ आहे तो 14 ऑक्टोबर 1956 चा, त्या दिवशी बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग आपल्या लाखो अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या, जागा व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं मैदान, आजची दीक्षाभूमी. हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्याला 1935 मध्ये सांगितल्यापासून 21 वर्षं विचार करून घेतलेलं हे नाव होतं. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का याचं उत्तर त्यांनी दिलं, इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आहे म्हणून नाही, तर बौद्ध धर्म पसरवणारे नाग लोक ह्या नाग नदीच्या परिसरातले म्हणून. जे नाव दुसऱ्यांनी जातीच्या रूपात लादलं होतं ते खाली ठेवून स्वतः निवडलेलं नाव उचलणं, ह्याइतकं मोठं नामकरण ह्या शहराने दुसरं पाहिलेलं नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख एकट्या महाराष्ट्रातले. सरकारी योजनांत अजूनही नवबौद्ध असं लिहितात, ते अनेकांना खटकतं आणि त्यांचं बरोबर आहे, तीन पिढ्या झाल्यावर नव कशाला. सवलतींसाठी बौद्धांना अनुसूचित जातीत धरायलासुद्धा 1990 उजाडावं लागलं.

गोंड आणि कोया पुनेम

नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, 1702 च्या सुमारास राजापूर बारसा नावाची बारा खेडी जोडून. गोंड हे नाव बाहेरच्यांचं, ते स्वतःला कोया किंवा कोयतूर म्हणतात आणि त्यांच्या धर्माला कोया पुनेम. गोंडवन हे त्यांच्या मुलखाचं नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात इथल्या खडकांना दिलं आणि पुढे दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाच गोंडवाना म्हणायला लागले, त्यामुळे जगभरच्या शाळेत हे नाव शिकवलं जातं. पण जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात त्यांना स्वतःची जागा नाही. ब्रिटिश काळात आदिवासी धर्मांची वेगळी मोजणी व्हायची, स्वातंत्र्यानंतर तो वेगळा रकाना गेला, आता सहा धर्मांनंतर इतर धर्म असा एकच डबा आहे. तरी 2011 मध्ये 10 लाखांच्या वर लोकांनी त्यात गोंड किंवा गोंडी असं लिहवून घेतलं, झारखंडकडच्या सरना धर्माचे 49 लाखांच्या वर होते. जनगणनेत स्वतंत्र कोड म्हणजे धर्माचा वेगळा रकाना द्या ही मागणी दोन्हीकडून चालू आहे.