झाकणावर देव कसे आले : सोन्याच्या मीनाकारी तपकीर-डब्यांची पार्श्वभूमी

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला तंबाखूचा, म्हणून तपकिरीचाही (नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीचा), तिटकारा होता. तो १७१५ साली वारला आणि पॅरिसच्या सोनारांचे दिवस पालटले. आपल्या पणजोबांची तपकिरीची डबी कामापुरती असे. पॅरिसमध्ये मात्र डबी चारचौघांत काढायची, ती मुळी दाखवायलाच. झाकण घट्ट बसून तपकीर ताजी राहावी म्हणून बिजागरी इतकी सफाईने घडवत की शोधूनही सापडू नये.

मीन्याचे, म्हणजे धातूवर रंगीत काचेची पूड भाजून बसवण्याचे तंत्र तोवर तयार होते. जयपूरचे कारागीर सोन्यात कोरलेल्या खाचांत मीना भरतात. १६३०च्या सुमारास फ्रान्समधल्या शातोदँ गावच्या जाँ तुतँ याने वेगळी वाट धरली. भाजलेल्या मीन्याच्या गुळगुळीत थरावर तो कुंचल्याने चक्क चित्र रंगवू लागला. काचेच्या पुडीत कोबाल्ट मिसळला की निळा रंग मिळतो, तांब्याने हिरवा, आणि गुलाबी छटा खुद्द सोन्यापासून. जास्त आच सोसणारे रंग आधी भाजायचे, नाजूक शेवटी. दर खेपेला डबी भट्टीत जाते आणि दर खेपेला चित्र तडकण्याची धास्ती असते. एवढ्याशा झाकणावरचा प्रेमदेवता व्हीनसचा चेहरा पाहताना मला चित्रकाराच्या हाताइतकेच भट्टी सांभाळणाऱ्याच्या धीराचे अप्रूप वाटते.

पण देवदेवताच का? एक कारण सरळ आहे. रोमन कवी ओव्हिडच्या पुराणकथा दरबारातल्या प्रत्येकाला ठाऊक होत्या, आणि फ्रान्स्वा बूशेसारख्या चित्रकारांच्या चित्रांवरून छापलेली कोरीव चित्रे बाजारात मिळत; मीनाकार ती लहान करून उतरवी. शिकारदेवता डायानाचे स्नान असो की बैलाच्या पाठीवरची युरोपा, पुराणाच्या आडोशाने नग्न देहही सभ्य ठरे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. राजे परदेशी राजदूतांना, सरदारांना आपली तसबीर जडवलेल्या डब्या भेट देत. घेणारे पुष्कळदा ती डबी जवाहिऱ्याला परत विकून रोकड घेत, आणि तसबीर बदलून तीच डबी पुढच्या पाहुण्याला जाई. राजाचा चेहरा एका दरबाराचा; मद्यदेव बॅकस आणि त्याची प्रिया अरियाद्ने कुठल्याही दरबारात चालत. पुराणातल्या प्रसंगाला गिऱ्हाइकाची अडचण नव्हती, म्हणून तो टिकला.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक या डब्यांचा मोठा शौकीन होता. १७५९च्या कुनर्सडॉर्फच्या लढाईत गोळी खिशातल्या डबीवर अडली आणि तो वाचला, असे सांगतात.

फ्रेंच राज्यक्रांतीने पॅरिसचा हा धंदा मोडला आणि मान जिनिव्हाकडे गेला. खरे तर ते धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या कडक शिस्तीचे शहर, पण घड्याळांमुळे तिथे मीनाकारांची जुनी परंपरा होती. त्यांनी चित्रावर पारदर्शक मीन्याचा आणखी एक थर चढवला. त्याने रंग खरवडण्यापासून वाचले आणि चित्राला पाण्यासारखी चकाकी आली. जिनिव्हाच्या डब्या चीनपर्यंत गेल्या. काहींत संगीताची यंत्रे, काहींत गाणारे चिमुकले पक्षीही बसवले. तुर्की गिऱ्हाइकासाठी मात्र मानवी आकृती टाळून फुले आणि निसर्गदृश्ये रंगवत. ग्रीक-रोमन देव राहिले ते युरोपच्या बाजारासाठी.

पुढे एकोणिसाव्या शतकात तपकीर मागे पडली आणि डब्या संग्राहकांच्या कपाटात गेल्या. त्यांचे लहान आकारमानच आज त्यांच्या मुळावर येते. २००३मध्ये इंग्लंडच्या वॉडस्डन मॅनरमधून १००हून अधिक वस्तू, त्यांत मुख्यतः सोन्याच्या डब्या, लुटल्या गेल्या. नोव्हेंबर २०२४मध्ये पॅरिसच्या कोन्याक-जे संग्रहालयात दिवसाढवळ्या काच फोडून सात डब्या पळवल्या. सोने वितळवले तर हाती फक्त धातूचा भाव येतो, चित्र कायमचे जाते.

म्हणूनच नोंदींना मोल आहे. क्रांतीपूर्व पॅरिसच्या डबीत साधारणपणे सोनाराचा ठसा, सोनारसंघाचे दरवर्षी बदलणारे अक्षर आणि कराचे दोन ठसे सापडतात : एक काम सुरू होतानाचा, दुसरा कर भरून डबी सुटल्याचा. त्यांवरून डबीचे वर्ष बरेच जवळ ओळखता येते. मीनाकाराचे नाव मात्र बहुतेक झाकणांवर नसते.