शॉक अ‍ॅब्सॉर्बर, उंच केलेल्या ऑफ-रोड गाडीचे

गाडीचे सस्पेन्शन मूळ मापापेक्षा उंच केल्यावर नव्या उंचीला, वजनाला आणि चाकाच्या वर-खाली हालचालीला जुळतील असे शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडणे व बसवणे. इंदूरच्या गॅरेजांत या भागाला ‘शॉकर’ म्हणतात. पुढे तोच शब्द वापरला आहे.

शॉकर गाडीचे वजन पेलत नाही, ते काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे). स्प्रिंग दबून उसळली की ती उसळी जिरवणे एवढेच शॉकरकडे असते. आतला दट्ट्या तेलात सरकतो, तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून जोराने जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. त्यामुळे ‘गाडी उचलायची आहे, मोठे शॉकर टाका’ ही मागणी मुळातच उलटी आहे. उंची येते ती नव्या स्प्रिंगने, वाढवलेल्या पाट्यांनी, अ‍ॅक्सलवरच्या गुटक्याने (ठोकळ्याने) किंवा लांब शॅकलने (पाट्यांचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या दुव्याने). शॉकरचे माप त्यानंतर ठरते. चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी यांच्यामध्ये गुटके घालून नुसती बॉडी उचलली असेल, तर शॉकरला हात लावायचे कारणच नाही.

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. महूच्या पुढे विंध्याची कड लागते आणि जमीन एकदम निमाडाकडे उतरते. पाताळपाणी, चोरल, जानापाव, जाम गेट ही इथल्या गाडीवाल्यांची नेहमीची ठिकाणे याच कडेला आहेत. तिथे शॉकरला तीन प्रकारचे हाल सोसावे लागतात: पावसाळ्यात चाकाला चिकटून बसणारी काळी माती, घाटातले बेसाल्टचे धारदार दगड, आणि ज्याकडे सर्वांचे दुर्लक्ष होते तो घरापासून तिथपर्यंतचा डांबरी हमरस्ता. उंच केलेल्या बहुतेक गाड्यांचे बरेचसे किलोमीटर बायपासवरच होतात, हे ध्यानात ठेवून निवड केली तर खर्चही वाचतो आणि मागे बसलेल्या माणसांची कंबरही.

निवडीत पहिला क्रमांक लांबीचा. पूर्ण दबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि या दोहोंतला फरक म्हणजे स्ट्रोक, ही तीन मापे कळल्याशिवाय दुकानात जाण्यात अर्थ नाही. मूळ शॉकर दबून १२ इंच आणि ताणून २० इंच होतो, आणि गाडी सपाट उभी असताना तो १६ इंचांवर असतो असे समजू. म्हणजे चाकाला वर जायला ४ इंच आणि खाली लोंबायला ४ इंच. गाडी २ इंच उचलून तोच शॉकर ठेवला तर उभ्या गाडीत तो १८ इंचांवर येतो. वर ६ इंच मोकळे राहतात, खाली मात्र २ इंचच उरतात. चाक खड्ड्यात उतरले की शॉकर पूर्ण ताणला जातो आणि सगळा अ‍ॅक्सल त्याच्या दांड्यावर लटकतो. काही दिवसांत सील (दांड्याभोवती तेल अडवणारी कडी) गळू लागते किंवा वरचे माउंटिंग (जोडणीची जागा) फाटते.

उपाय म्हणून २२ इंचांपर्यंत ताणला जाणारा शॉकर घेतला, तर लांब शॉकर दबल्यावरही लांबच राहतो. समजा तो १३ इंचांखाली जात नाही. मूळ बंपस्टॉप (चाकाच्या वर येण्याला मर्यादा घालणारा रबरी अडथळा) अ‍ॅक्सलला साडेबारा इंचांपर्यंत वर येऊ देत असेल, तर बंपस्टॉप लागण्याआधीच शॉकर आतून आपटेल. तेव्हा बंपस्टॉपही इंचभर खाली आणावा लागतो. रबर दाबाखाली चेपते, म्हणून त्याची चेपलेली उंची धरूनच हिशोब करावा आणि दोन्ही टोकांना अर्धा ते एक इंच जागा राखावी. लांब शॉकर बसवून बंपस्टॉप विसरणे हे या कामातले सर्वांत जास्त दिसणारे अपुरेपण आहे. लिफ्टच्या (गाडी उंच करण्याच्या सामानाच्या) खोक्यावर ‘२ इंच’ छापलेले असते, बंपस्टॉपचे माप कुठेच नसते.

शॉकर किती तिरपा बसतो तेही पाहावे. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला शॉकर चाकापाशी आपल्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशच रोध देतो, ४५ अंशांवर निम्माच. घरगुती वेल्डिंगने माउंटिंगची जागा बदलताना हे गणित हटकून हुकते.

कडकपणाबद्दल लोकांची समजूत बहुधा अतिशयोक्त असते. लागणारा रोध स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेवढेच राहून स्प्रिंग २० टक्के कडक केली, तर शॉकर साधारण १० टक्केच कडक हवा. लोखंडी बंपर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र), छतावरचे कॅरियर यांचे वजन वाढले की हिशोब बदलतो, पण ते सामान गाडीवर कायम राहणार असेल तरच. रिकाम्या गाडीला जास्त कडक शॉकर लावला की पोटावर आदळे बसतात. उसळी परत येतानाचा रोध जास्तच झाला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरते खाली येण्याआधी पुढचा धक्का बसतो आणि सस्पेन्शन हळूहळू दबलेलेच राहते.

रचनेने शॉकर मुख्यतः दोन जातींचे. दुहेरी नळीच्या शॉकरमध्ये दट्ट्या आतल्या नळीत चालतो, बाहेरची नळी तेलाचा साठा सांभाळते. एकेरी नळीच्या शॉकरमध्ये तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो. नळी थेट हवेला लागत असल्याने तो लवकर थंड होतो आणि तेलाला सहसा फेस येत नाही. मात्र त्या एकाच नळीला दगडाचा पोचा पडला की दट्ट्या तिथेच अडकतो. दुहेरी नळी बाहेरचा लहान पोचा निभावून नेते. विंध्यातल्या दगडांवर हळूहळू चढणाऱ्या गाडीला म्हणूनच साधा, जाड दुहेरी नळीचा शॉकर पुष्कळ झाला. संथ चढाईत शॉकर तापतच नाही. बाहेरच्या टाकीसह मिळणाऱ्या महागड्या शॉकरचा उपयोग लांबलचक कच्च्या, लाटालाटांच्या रस्त्यावर वेगाने जाताना होतो. दिखाव्यासाठी ते लावायला हरकत नाही, पण तो दिखावाच आहे.

बसवताना चासीखाली घोडी लावून अ‍ॅक्सलला जॅकचा वेगळा आधार द्यावा आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. दोन्ही शॉकर एकदम काढले तर अ‍ॅक्सल खाली येतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि कॉइल स्प्रिंग असल्यास ती जागेवरून निसटू शकते. दुहेरी नळीचा नवा शॉकर उभा धरून काही वेळा दाबून-ताणून आतली हवा काढावी. तो उलटा सहसा बसवत नाहीत. गॅसच्या शॉकरला दाबून धरणारा पट्टा एक टोक अडकवल्यावरच कापावा. दांड्याला पकड कधीही लावू नये, त्यावरचा एक ओरखडा सील कापायला पुरतो. शॉकरच्या टोकांतल्या रबरी बुशचे (गादीचे) बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावरच पुरते आवळावेत. हवेत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. स्प्रिंग आणि शॉकर एकत्र असलेला संच घरी उघडू नये. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

गाडीगणिक बाकीची कामे बदलतात. मारुती जिप्सीला पुढे-मागे पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असल्याने काम सोपे. जिम्नीला सरळ अ‍ॅक्सलच पण कॉइल स्प्रिंग. उंची वाढली की पॅनहार्ड रॉड (आडवी हालचाल रोखणारा दांडा) अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. २०२० नंतरच्या थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन बाहूंवर स्वतंत्र धरणारी रचना) आहे, तिथे अति उंचीने बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचे) कोन बिघडतात. कोणत्याही गाडीत ब्रेक होजची लांबी, पूर्ण वळवलेल्या चाकाची मोकळी जागा, अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख तपासावाच लागतो.

काळ्या मातीतून आल्यावर दांड्यावरची आणि धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीतली माती ओली असतानाच धुवावी. सुकलेली माती दांड्यासोबत सीलवर घासत राहते. नळीवर तेलाचा पुसट ओलावा दिसला तर चिंता नको. थेंब पडू लागले की शॉकर संपला. एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही शॉकर जोडीनेच बदलतात.

कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ कायम ठेवला. झिजलेला शॉकर त्याच जातीच्या नव्या शॉकरने बदलणे ही देखभाल आहे. उंची वाढवणे मात्र फेरबदलात मोडू शकते, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे विचारणा करावी.