एका नावाची दोन दप्तरे

घर भाड्याने द्यायचे असते, धंद्यात नवा भागीदार घ्यायचा असतो, किंवा मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल कुणी कानात काही कुजबुजलेले असते. अशा वेळी "ह्या माणसावर पूर्वी काही केस आहे का?" हे शोधायला निघालेला माणूस आधी पोलीस ठाण्यात जातो. तिथे त्याला कोर्टात चौकशी करायला सांगतात. कोर्टात गेला की खटल्याचा नंबर मागतात. नंबर माहीत असता तर तो आलाच कशाला असता?

यात कुणाचा आळस नसतो असे मी म्हणणार नाही. पण मूळ कारण जुने आहे. आपल्याकडे माणसाच्या गुन्ह्यांची नोंद एका जागी कधी नव्हतीच. पोलिसांचे दप्तर नजर ठेवण्यासाठी जन्माला आले, कोर्टाचे दप्तर न्याय झाला हे दाखवण्यासाठी. दोघांचे पूर्वज वेगळे आणि स्वभावही वेगळे.

इंग्रजांच्या आधी तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या वतनदार-जातभाईंच्या सभेपुढे, जाई आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. सभेला कोण बसले होते, कोण काय बोलले, निर्णय काय झाला हे सगळे त्यात येई. खाली साक्षी आणि निशाण्या असत, पाटलाची निशाणी नांगराची. हरलेल्याकडून यजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, लिहून घेत. जिंकणारा आपला कागद घरी जपून ठेवी, कारण पुढच्या पिढीत वाद उकरला गेला तर तोच कामी येणार. म्हणून असे कितीतरी कागद पुढे वतनदार घराण्यांच्या दप्तरांत सापडले. यात वतनाचे आणि हक्काचे वाद जास्त. चोरी, मारामारीचा माग बहुधा जमाखर्चात लागतो, कारण जुन्या मराठी कागदांत 'गुन्हेगारी' या शब्दाचा अर्थच दंडाची रक्कम असा आहे. गुन्हा नोंदला जाई तो वसुली म्हणून. (महाराष्ट्रातल्या कोर्टांत आजही दाखल कागदाला 'निशाणी' क्रमांक पडतो. नांगर गेला, शब्द राहिला.)

कंपनी सरकारला ही व्यवस्था पुरेशी वाटली नाही. गावाला माणूस ओळखीचा असतो, सरकारला नसतो. बंगाल आणि मद्रासकडे काही काळ यावर अघोरी उपाय होता. शिक्षा झालेल्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदत. माणूस स्वतःच स्वतःचे रेकॉर्ड होऊन फिरे, आणि ते कुणालाही वाचता येई. ही पद्धत 1849 साली कायद्याने बंद झाली.

1860 साली भारतीय दंड संहिता आली आणि तिच्या कलम 75 ने जुन्या शिक्षेला नवी किंमत आणली. नाणी-मुद्रांकांच्या किंवा मालमत्तेच्या काही गंभीर गुन्ह्यांत आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करताना सापडला, तर वाढीव शिक्षा. पण समोरचा माणूस तोच आहे हे ठरवायचे कसे? सराईत चोर जिल्हा बदलला की नाव बदलायचा, बापाचे नाव बदलायचा, जातही बदलायचा. कारकुनाने लिहिलेले वर्णन "रंग सावळा, बांधा मध्यम" असले, तर अर्धा जिल्हा त्यात बसे. बंगाल पोलिसांनी 1890 च्या दशकात फ्रान्समधल्या बर्तियोंच्या पद्धतीने कैद्यांची अंगमापे घ्यायला सुरुवात केली. पण मापणारा हात बदलला की मापही बदले.

उत्तर मिळाले बोटांत. बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 साली एका कंत्राटदाराकडून करारावर सहीसोबत पंजाचा ठसा घेतला होता. हेतू इतकाच, की पुढे त्याने करार नाकारू नये. ठसा माणसाचा पुरावा होऊ शकतो ही कल्पना तिथून पुढे सरकली. पण हजारो ठशांच्या ढिगातून एक ठसा हुडकायचा कसा, हा खरा प्रश्न होता, आणि तो सोडवला दोन भारतीय उपनिरीक्षकांनी, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांतल्या चक्राकार ठशांना अंक द्यायचे, त्यावरून अपूर्णांकासारखी एक जोडी काढायची. अशा जोड्या होतात 32 गुणिले 32, म्हणजे 1024. कपाटालाही तितकेच खण. कैद्याच्या ठशांची पत्रिका हातात आली की कारकून हिशेब करणार आणि थेट त्या खणापाशी जाणार. नाव विचारायची गरजच नाही. 1897 साली कलकत्त्यात यासाठी स्वतंत्र ब्यूरो उघडला, तो जगातला पहिला मानला जातो. पद्धतीला नाव मात्र लागले वरिष्ठ साहेबाचे, एडवर्ड हेन्रींचे. हक आणि बोस यांची कामगिरी उशिरा, आणि तीही तोंडदेखली, मान्य झाली.

ब्यूरो नवा असतानाच जलपायगुडीकडे चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पेटीतली रक्कम गेली. सापडले काय, तर एक बंगाली पंचांग, त्यावर तपकिरी डाग आणि एका डागात अंगठ्याचा ठसा. कलकत्त्याच्या कपाटात त्याच्याशी जुळणारी पत्रिका निघाली. ती याच व्यवस्थापकाच्या एका जुन्या नोकराची, त्याला पूर्वी चोरीची शिक्षा झालेली. 1898 साली खटला चालला. चोरी सिद्ध झाली, खून झाला नाही, कारण ठशावरून तो पेटीपाशी होता इतकेच कळत होते. या निकालाचे मला कौतुक वाटते. जुने रेकॉर्ड माणूस दाखवते, कृत्य दाखवत नाही, हा फरक त्या कोर्टाने पहिल्याच खेपेला पाळला.

सरकारने तो सगळीकडे पाळला नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीच्या आधी जमातच नोंदवहीत घातली. हा कायदा सुरुवातीला उत्तरेकडे लागू होता, 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही येऊ शकला. नोंद झालेल्यांची हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, बोटांचे ठसे, आणि काहींना तारेच्या कुंपणाआड वसाहत. सोलापुरात 'सेटलमेंट' हे वस्तीचे नाव अजून तोंडी आहे, ते यातूनच आलेले. जन्मलेल्या पोराने काही करायच्या आधीच त्याचे रेकॉर्ड तयार. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण मागोमाग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि नोंदवहीची सवय काही सुटली नाही.

त्याच सवयीचे दुसरे नाव हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवण्यासाठी पोलिसांनी एखाद्याच्या नावाने उघडलेली नोंद. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांना दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सोडून दिले होते, तरी पोलिसांनी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्री-अपरात्री शिपाई दारावर थाप मारून "आहेस का घरात?" विचारणार. खरक सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले. 1962 च्या निकालाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, बाकीची पाळत मात्र राहू दिली, कारण घटनेत खासगीपणाचा हक्क नाही असे बहुमताचे मत पडले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या मते तो हक्क होता. त्यांच्या बाजूने पारडे झुकायला 2017 साल उजाडावे लागले.

कोर्टाच्या दप्तराची वाट दुसरी. 1872 च्या पुरावा कायद्याने न्यायालयाच्या कामकाजाचे कागद सार्वजनिक दस्तऐवजांत घातले, आणि ज्याला ते पाहण्याचा हक्क आहे त्याला फी भरून सही-शिक्क्याची नक्कल मिळण्याची सोय केली. पूर्वीची शिक्षा सिद्ध करायलाही मुख्य आधार हाच, कोर्टाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला. पोलिसांच्या वहीतली नोंद त्यासाठी चालत नाही. 1875 च्या कायद्याने उच्च न्यायालयांचे निवडक निकाल अधिकृतपणे छापले जाऊ लागले. पण सामान्य माणसाचे बहुतेक खटले तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे संपतात. ते कधी छापले गेले नाहीत. त्यांचा रोजनामा, म्हणजे तारखेगणिक कामकाजाची नोंद, आणि निकाल लाल फडक्यात बांधून अभिलेख कक्षात जायचे, आणि मुदत संपली की काही कागद नियमानुसार नष्ट व्हायचे. त्यासाठी 1917 चा स्वतंत्र कायदा आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या किरकोळ मारामारीचा कागद शोधणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते, ती यामुळे.

खुल्या न्यायालयाचे तत्त्व मात्र या दप्तराच्या पाठीशी होते. मुंबईत एका बदनामीच्या दाव्यात साक्षीदाराची साक्ष वर्तमानपत्रांत छापू नये, असे न्यायमूर्तींनी तोंडी सांगितले. पत्रकार नरेश मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1966 साली हरले. पण सुनावणी जनतेसमोर होणे हाच नियम आणि बंद दार हा अपवाद, हे त्या निकालात ठसठशीतपणे आले.

नागरिकाला कोर्टाचे दप्तर बघावेसे वाटले ते बऱ्याच अंशी निवडणुकांमुळे. उमेदवाराने आपल्यावरचे खटले जाहीर करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2002 रोजी सांगितले. संसदेने ते पातळ करायचा प्रयत्न केला, न्यायालयाने मार्च 2003 मध्ये तो हाणून पाडला. तेव्हापासून उमेदवारी अर्जासोबतचे प्रतिज्ञापत्र हा सार्वजनिक झालेला पहिला सोपा 'पूर्वेतिहास' ठरला. त्यात पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक, कलमे आणि कोर्ट एकाच तक्त्यात दिसतात. दोन्ही दप्तरे एका कागदावर आणण्याचे काम इथे स्वतः उमेदवारालाच करावे लागते, हा त्यातला मजेदार भाग.

मग संगणक आला, तोही दोन वाटांनीच. पोलिसांकडे 1986 मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो स्थापन झाला आणि 2009 मध्ये ठाण्यांना जोडणारी सीसीटीएनएस योजना मंजूर झाली. ते जाळे पोलिसांसाठी. जनतेच्या वाट्याला त्यातला एक तुकडा आला, तोही न्यायालयामुळे. सप्टेंबर 2016 च्या आदेशाने एफआयआर शक्यतो चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले, लैंगिक गुन्हे आणि दहशतवादासारखी संवेदनशील प्रकरणे वगळून. न्यायालयांकडे संगणकीकरणाच्या ई-कोर्ट योजनेचा पहिला टप्पा 2007 चा, आणि 2015 मध्ये राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड लोकांना खुले झाले. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला. पहिली चार अक्षरे राज्य आणि जिल्ह्याची, मग न्यायालय, मग खटला, शेवटी साल. तो हाती असला की मोबाइलवर पुढची तारीख दिसते. अभिलेख कक्षाच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

दार इतके उघडल्यावर उलटी तक्रार सुरू झाली. निर्दोष सुटलेल्या माणसाचा निकालही नाव टाकताच वर येतो, आणि नोकरी देणारा शेवटच्या पानापर्यंत वाचत नाही. अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकन नागरिकाला दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 साली, तो निकाल इंटरनेटवरच्या शोधात दिसू नये, असा अंतरिम दिलासा दिला. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी त्याच वर्षी अशीच मागणी फेटाळली, 2024 मध्ये खंडपीठाने ती मान्य केली, आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पोलिसांकडच्या मापांचे उलट चालले आहे. 2022 च्या नव्या ओळख कायद्याने कैद्यांची मापे-ठसे घेण्याचा 1920 चा जुना कायदा मोडीत काढला, बोटांच्या ठशांसोबत डोळ्यांच्या बुबुळांची नोंदही घ्यायची मुभा दिली, आणि ती 75 वर्षे जपायची तरतूद केली.

त्यामुळे आजचे चित्र असे आहे. पोलीस बोटांवरून शोधतात, पण ते कपाट आपल्यासाठी बंद. आपल्यासाठी उघडे आहे ते कोर्टाचे, आणि तिथे क्रमांक नसेल तर नावानेच शोधावे लागते. जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, साल टाका, नाव टाका. कारकुनाने शिंदे हे आडनाव इंग्रजीत कसे लिहिले असेल याचा अंदाज बांधा. मग त्याच नावाचे अकरा जण समोर येतात, पत्ता एकाचाही नाही, आणि आपला त्यातला कोणता, किंवा कोणीच नाही, हे ठरवायला शेवटी नकलेचा अर्ज घेऊन त्याच खिडकीपाशी जावे लागते.