परवान्यावरची दारू: महाराष्ट्रातल्या दारूबंदीच्या वादामागची दीडशे वर्षं

महाराष्ट्रात दारू प्यायला आजही सरकारी परवाना लागतो. देशीसाठी एका दिवसाचा परवाना २ रुपयांना, विदेशीसाठी ५ रुपयांना. वर्षाचा १०० रुपयांना आणि आयुष्यभराचा हजार रुपयांना. बहुतेक पिणाऱ्यांनी हा कागद कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो, मग त्यावर छापलेलं कारण वाचणं दूरच. ते कारण आहे स्वतःचं आरोग्य राखणं. म्हणजे प्रकृतीला गरज आहे म्हणून या माणसाला दारू पिण्याची मुभा दिली आहे, असं सरकार लिहून देतं.

हे का, तर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा कधी रद्दच झाला नाही. नावातल्या ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं, नियमांना अनेक ठिगळं लागली, पण गाभा तोच राहिला. कायद्याच्या नजरेतून आपल्या राज्यात दारूबंदी आहे, आणि गावोगावची दुकानं, बार, परमिट रूम हे सगळे त्या बंदीला दिलेले अपवाद आहेत. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली, तेव्हा दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं ते समजून घ्यायचं तर या कायद्याच्याही मागे जावं लागतं.

इंग्रजी अंमल येण्याआधीही इथे दारू होती. कोकण किनाऱ्यावर भंडारी माड चढून माडी काढत, डोंगरात आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोहाची दारू गाळली जाई. सण, लग्न, पेरणी, देवाचं देणं यांच्याशी ती बांधलेली होती. तीही माणसं बिघडवत नव्हती असं नाही. पण ती बहुतेक घरची किंवा गावची होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटलं. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा झाला आणि तो मक्त्याने दिला जाऊ लागला. गावच्या भट्ट्या बंद पडून मोठ्या कारखान्यांतली दारू गुत्त्यांवर येऊ लागली. मुंबईजवळचं उरण अशा कारखान्यांचं ठाणं बनलं. माडांवरचा कर इतका वाढला की माडी काढणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांनाच तो परवडेना.

त्यात सगळ्यात बोचणारा कायदा १८९२ चा, मोहफुलांवरचा. तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी होता. फुलं गोळा करणं आणि साठवणं यांवर निर्बंध आले, कारण घरी गाळलेली दारू मक्तेदाराच्या धंद्याला मारत होती. मोह म्हणजे निव्वळ दारू नव्हे. टंचाईच्या दिवसांत आदिवासी घरात तीच फुलं वाळवून, शिजवून खाल्ली जातात. पुढे दारूबंदीच्या कायद्यातही मोहफुलं, काळा सडका गूळ आणि मळी यांच्यावर नजर ठेवण्याच्या तरतुदी राहिल्या. मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने उठवले ते थेट २०२१ मध्ये. फूल वेचणाऱ्या बाईला संशयित ठरवायला महसुलाचं कारण पुरलं आणि तिला मोकळं करायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली, हे मला या इतिहासातलं सगळ्यात लाजिरवाणं पान वाटतं.

गुत्ते वाढले तसा विरोधही उभा राहिला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांमुळे संसार उद्ध्वस्त होत आहेत, अशी तक्रार त्यांनी १८८० मध्ये पालिकेकडे लेखी केली. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन (पिकेटिंग) झालं, त्याच्या पुढाकारात टिळक होते. गांधींच्या असहकारात, पुढे सविनय कायदेभंगात गुत्त्यांपुढे उभं राहणं हा चळवळीचा रोजचा कार्यक्रमच झाला, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने उतरल्या. गुत्ता बंद पाडणं म्हणजे परक्या सरकारच्या तिजोरीवर घाव. दारूबंदी आणि स्वराज्य यांची अशी सांगड पडली की स्वराज्य आल्यावर काँग्रेसला मागे फिरायला वाव राहिला नाही.

संधी स्वातंत्र्याआधीच आली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. १९३८ मध्ये अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसवला गेला. दारूच्या धंद्यात पारशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यामुळे त्या समाजातून मोठी नाराजी उमटली. पण महायुद्ध सुरू झालं, त्याच वर्षी काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग तिथेच अडकला.

तो पुन्हा हाती घेतला मोरारजी देसाईंनी, गृहमंत्री असताना. १९४९ चा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. नव्या राज्यघटनेतल्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्याला तशी दिशा दिलेलीच होती. फ्रामजी बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-दी-कोलोन बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची बंदी रद्द केली. राज्य दारूबंदी करू शकतं, हा प्रश्न कायद्यापुरता तिथे मिटला.

समाजात मात्र तो तिथेच सुरू झाला. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख होती, त्याला प्रकृतीच्या कारणाने परवाना मिळे. परवान्यावरची आरोग्याची भाषा तिथलीच. ज्याच्याकडे दोन्ही नव्हतं तो अड्ड्यावर जाऊन नवटाक मारत असे. मुंबईत खाडीकाठी, झोपडपट्ट्यांच्या मागे हातभट्ट्या लागल्या. गूळ, नवसागर आणि हाताला लागेल ते पिंपात आंबवलं जाई. माहीम, वांद्रे, धोबी तलाव भागांतल्या ‘आंटी’च्या घरांत गिऱ्हाईक ओळखीवर येई. वरदराजन मुदलियारसारख्यांची गुन्हेगारी हातभट्टीच्या पैशावर मोठी झाली. रोज हप्ता घेणारा हवालदार आणि रोज पकडला जाणारा मजूर, या दोघांना एकाच कायद्याने तयार केलं.

वसंतराव नाईकांच्या काळात सरकारने पाऊल मागे घेतलं. साठच्या दशकाच्या मध्यापासून परवाने सैल झाले, आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारू उघडपणे विकायला वाट मिळाली. कारण सांगितलं गेलं ते विषारी हातभट्टीपासून लोकांना वाचवण्याचं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. कारण सरकारमान्य देशीलाही पैसे मोजावे लागतात आणि ज्याच्या खिशात तेही नसतात तो हातभट्टीवरच राहतो. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत मृतांचा आकडा शंभरावर गेला. दोन्ही वेळी राज्यात दारूची कायदेशीर विक्री चालूच होती. मिथेनॉल प्यायलेल्याला सुरुवातीला नेहमीच्या दारूपेक्षा वेगळं काही जाणवत नाही. काही तासांनी शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, दिसेनासं होतं, श्वास लागतो. आदल्या रात्रीची उतरली नसेल असं समजून घरचे थांबतात आणि तोवर वेळ निघून जाते.

इथपर्यंतच्या शंभर वर्षांत दारू कोण गाळणार, कोण विकणार, पैसा कुणाच्या तिजोरीत जाणार आणि कुणाला पकडायचं, यावर ढीगभर कायदे झाले. ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून प्यावी लागते, त्याचं काय करायचं हे त्यांच्या मध्यभागी कधी आलंच नाही. त्याला आपण ‘दारुडा’ म्हणून मोकळे झालो. कीर्तनात त्याला फटकारलं, तमाशात त्याच्यावर हसलो. व्यसन हा आजार आहे, तो मेंदूच्या सवयींत शिरतो आणि निश्चय कमी पडला म्हणून परत येतो असं नाही, ही समज मराठी घरांत पोचायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं.

त्यालाही निमित्त दारूचं नव्हतं, गर्दचं होतं. त्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगरचा फैलाव झाला आणि सुखवस्तू, शिकलेल्या घरांतली मुलं त्यात सापडली. १९८५ मध्ये केंद्राने अमली पदार्थांचा कडक कायदा केला. १९८६ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या आर्थिक बळावर. गर्दसाठी उघडलेल्या त्या दारातून पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने आत आले. पस्तीस दिवसांचा मुक्काम, रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळा गट, बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा, आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनीच समुपदेशक होणं, ही पद्धत तिथे रुजली. मुलगा आपल्या वर्गातला असला की तो रुग्ण, हातभट्टीवरचा असला की आरोपी. हा भेद तेव्हा उघड होता आणि आजही पुरता पुसला गेलेला नाही.

गावात वाट वेगळी निघाली. ती बायकांनी काढली. वर्धा जिल्हा गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून १९७५ पासून दारूबंदीखाली होता, पण तो निर्णय वरून आलेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामाभोवती १९८८ पासून लोकांचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. नवऱ्याची मजुरी गुत्त्यावर संपते, रात्री मार खावा लागतो, पोरांच्या तोंडचा घास जातो, हे बोलणाऱ्या बायकांना दारूबंदी हा नीतीचा विषय वाटत नव्हता. तो त्यांच्या घरखर्चाचा आणि अंगावरच्या वळांचा विषय होता. शहरात बसून ‘बंदीने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी या बायकांचं म्हणणं पुरतं ऐकलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्या रेट्यातूनच ‘आडवी बाटली’चा नियम आला. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिलांनी निवेदन दिलं की दुकान बंद करण्यावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. पण जिंकायचं तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी कामाला गेली, माहेरी गेली, नवऱ्याने उंबरठ्यात अडवली, तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्या पदरात जातं. आमदार निवडून यायला अशी अट नसते.

चंद्रपूरची लढाई याच परंपरेतली. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार या संघटनेच्या पुढाकाराने बायका चिमूरहून पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली असा तीन जिल्ह्यांचा सलग कोरडा पट्टा कागदावर तयार झाला. भोवती मात्र यवतमाळ, नागपूर, तेलंगणा इथली दुकानं उघडीच होती. चोरटी वाहतूक सुरू झाली आणि किमती कित्येक पट चढल्या. २०१८ मध्ये नागभीड भागात दारूच्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आल्यावर मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध विक्री वाढली, त्यात बायका-मुलं ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली.

बंदी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही आपापल्या जागी खऱ्या गोष्टी सांगत होते. बंदीने दारू महाग आणि दूर जाते, त्यामुळे पिणं कमी होतं. सहज मिळणारी दारू जास्त प्यायली जाते याला जगभरचा अनुभव साक्षी आहे. आणि अंमलबजावणी लंगडी असेल तर दारू गुन्हेगाराच्या हातात जाते, हेही मुंबईने पन्नासच्या दशकातच पाहिलं होतं. मला खुपतं ते वेगळंच. ज्या शरीराला दारूची सवय जडली आहे, त्याची दारू एकाएकी तुटली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, उपचार न मिळाल्यास जीवही जातो. म्हणजे बंदीच्या आदेशाबरोबर तालुक्याच्या रुग्णालयात खाटा, औषधं आणि शिकलेला कर्मचारी तयार हवा. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. ती मजा म्हणून सॅनिटायझर प्यायली नव्हती.

गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात गावसंघटना, पोलीस कारवाई आणि तालुक्याच्या जागी उपचार या गोष्टी एकत्र बांधण्याचा प्रयत्न आहे, म्हणून तो वेगळा वाटतो. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरणही जाहीर केलं. ते सामाजिक न्याय विभागाकडे आहे. दारूचा पैसा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे येतो. एका विभागाला दरवर्षी वसुलीचं उद्दिष्ट असतं, तर दुसऱ्याकडे पोस्टर आणि पुरस्कार.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, विरोधानंतर तो बासनात गेला. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचा कर मोठ्या प्रमाणात वाढवला आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटींची जादा भर अपेक्षित धरली. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. त्या १४ हजार कोटींतले किती रुपये उरलेल्या ३७ जणांसाठी बाजूला काढायचे, हा प्रश्न विधानसभेच्या पटलावर यायला हवा.