प्रोग्रॅमरचं काम मोजायचं कसं? साठ वर्षांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, शिरपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेली कितीतरी मुलं पुण्यातल्या कंपन्यांत कामाला आहेत. कोरोनापासून त्यातली काही घरूनच काम करतात. अप्रेझल जवळ आलं की त्यांच्या तोंडी स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा), व्हेलॉसिटी (ठरावीक मुदतीत टीमने पुरे केलेले पॉइंट), कमिट (कोडमध्ये करून नोंदवलेला एकेक बदल) असे शब्द येतात. हे आकडे आले कुठून, हे त्यांना अभ्यासक्रमात क्वचितच कळतं. कळायला हवं, कारण यातली बरीच मापं प्रकल्पाचा अंदाज बांधायला तयार झाली होती. माणसाला ती नंतर लावली गेली.

सगळ्यात जुनं माप कोडच्या ओळींचं. पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडून प्रोग्रॅम नोंदवायच्या कार्डांच्या, काळात 80 रकान्यांच्या एका कार्डावर साधारण एक सूचना बसायची, त्यामुळे कार्डं मोजली की प्रोग्रॅम मोजला गेला. 1968 साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोने भरवलेल्या परिषदेत, प्रकल्प रखडतात आणि खर्च हाताबाहेर जातो, ही तक्रार उघडपणे मांडली गेली. काम किती मोठं आहे हे आधी कळावं, ही त्यातूनची खरी गरज. बॅरी बोहम यांनी 1981 साली मांडलेलं कोकोमो हे गणितही ओळींच्या अंदाजावरून लागणारे मनुष्य-महिने (किती माणसं गुणिले किती महिने) काढायचं.

पण ओळी जास्त म्हणजे काम जास्त, असं धरलं की घोटाळा होतो. आपल्याकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते; दवात भिजलेला कापूस काट्यावर जड भरतो, पालाही त्यात जातो. म्हणून जिनिंगवाला नुसत्या वजनावर जात नाही, ओलावा आणि रुईचा उतारा, म्हणजे कापसातून रुई किती निघते ते, बघतो. सॉफ्टवेअरमध्ये असा उतारा बघायची सवय फार उशिरा लागली. 1982 साली ॲपलच्या लिसा या संगणकाच्या प्रकल्पात दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरावा लागे. तिथले प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांनी चित्रं काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने लिहिला. तो जवळपास सहापट वेगाने चालू लागला आणि सुमारे 2000 ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर उणे 2000 लिहिलं. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

आयबीएमचे ॲलन अल्ब्रेख्ट यांनी 1979 साली फंक्शन पॉइंट मांडले. प्रोग्रॅममध्ये माहिती किती प्रकारे आत येते, बाहेर जाते, किती फायली सांभाळाव्या लागतात, हे वापरणाऱ्याच्या बाजूने मोजायचं. भाषा कोणतीही असो. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं, पण मोजणी किचकट असल्याने ते सर्वत्र रुजलं नाही.

त्याआधीच, 1975 साली, आयबीएममध्ये प्रकल्प सांभाळलेले फ्रेड ब्रूक्स यांनी मॅन-मंथ, म्हणजे मनुष्य-महिना, या एककावरच बोट ठेवलं होतं: उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. तरीही आपल्या सेवा कंपन्यांची बिलं वर्षानुवर्षं माणसं गुणिले महिने याच हिशेबाने निघत राहिली. टाइमशीटचं एवढं प्रस्थ त्यामुळेच.

2001 साली अजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा आला. त्याच सुमारास स्टोरी पॉइंट रुळले, तेही एका टीमने आपल्यापुरता अंदाज बांधण्यासाठी. दोन टीमची तुलना त्यावरून करायची नसते. व्यवस्थापकांनी ती केलीच, आणि मग पॉइंट फुगू लागले. ही कल्पना बहुधा आपलीच, असं सांगणाऱ्या रॉन जेफ्रीज यांनी पुढे तिच्याबद्दल खेद व्यक्त केला.

निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांच्या 2018 साली पुस्तकरूपात आलेल्या संशोधनाने दिशा बदलली. नवा कोड किती वेळा लाइव्ह जातो, जायला किती वेळ लागतो, त्यातले किती बदल बिघाड करतात आणि बिघडलेलं किती लवकर सावरतं, ही चार मापं. चारही अख्ख्या टीमची. एकट्यादुकट्या माणसाची नाहीत. 2021 साली आलेल्या स्पेस या चौकटीने कामातलं समाधान आणि आपसातला समन्वयही मोजणीत धरला, आणि एकाच आकड्यावर विसंबू नका, निदान तीन बाजू बघा, असं बजावलं.

2023 साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने प्रोग्रॅमरची उत्पादकता मोजता येते असा लेख काढला, तेव्हा केंट बेक आणि गर्गेली ओरोस या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या दोघांनी उत्तर दिलं. त्यांनी चार टप्पे वेगळे केले: श्रम, त्यातून तयार झालेली वस्तू, वापरणाऱ्याच्या वागण्यात पडलेला फरक आणि धंद्याला झालेला लाभ. पहिले दोन मोजायला सोपे, म्हणून सगळे तिथेच अडकतात, हा त्यांचा मुद्दा. अमळनेरला घरी बसून काम करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर माउस किती हलला हे टिपणारं सॉफ्टवेअर बसवलं, तर ते पहिल्या टप्प्याच्या पुढचं काहीच सांगत नाही.