परक्या देशातलं सुपरमार्केट आणि नोकऱ्यांचा आकडा

सुपरमार्केटची एखादी साखळी नव्या देशात उतरली की बातमीत दोन आकडे हमखास असतात: दुकानं किती आणि नोकऱ्या किती. गंमत म्हणजे हा धंदा उभाच राहिला तो माणसं कमी करून. १९१६ साली क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी अमेरिकेत मेम्फिसला ‘पिगली विगली’ उघडलं. तोवर गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि काउंटरमागच्या माणसाने जिन्नस काढून द्यायचा, अशी रीत होती. सॉन्डर्सनी ते काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात घातलं.

जर्मनीच्या आल्डी या स्वस्त सुपरमार्केटच्या साखळीने ही काटकसर पार टोकाला नेली. माल खोक्यातच मांडायचा. पुढे बारकोड आले, तेव्हा तेही मोठे आणि एकाहून अधिक बाजूंना छापायचे, म्हणजे गल्ल्यावरच्याला वस्तू फिरवत बसावं लागत नाही. गर्दी ओसरली की तोच उठून खोकी लावतो. काटकसरीचा हा साचा घेऊन कंपनी १९६७ मध्ये ऑस्ट्रियात, १९७६ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये ब्रिटनमध्ये गेली. एका दुकानात माणसं मोजकीच, त्यामुळे नोकऱ्यांचा आकडा फुगतो तो शाखांच्या संख्येवर. शेजारच्या छोट्या दुकानात कोणाचं काम गेलं, हे त्या आकड्यात येत नाही.

शिवाय आलेली कंपनी टिकेलच असंही नाही. वॉलमार्ट १९९७ च्या सुमारास जर्मनीत शिरली आणि २००६ मध्ये दुकानं मेट्रो या तिथल्याच कंपनीला विकून निघून गेली.

नोकऱ्यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने कोर्टात गेला तो दक्षिण आफ्रिकेत. वॉलमार्टने तिथल्या मासमार्ट या दुकानांच्या साखळीतला ५१ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. २०११ मध्ये, कंपन्यांच्या विलीनीकरणावर निर्णय देणाऱ्या तिथल्या स्पर्धा न्यायाधिकरणाने मंजुरी दिली, पण अटी घालून: विलीनीकरणामुळे दोन वर्षं कोणाला काढायचं नाही आणि स्थानिक पुरवठादारांसाठी १० कोटी रँडचा निधी ठेवायचा. कामगार संघटना आणि सरकारमधले तीन मंत्री एवढ्यावर राजी नव्हते. ते अपील न्यायालयात गेले. स्वस्त आयात माल आला तर दुकानातल्या नोकऱ्या राहतील, पण कारखान्यातल्या जातील, ही त्यांची मुख्य धास्ती. माझ्या मते सगळ्या वादात हाच मुद्दा सर्वांत वजनदार होता. मार्च २०१२ मध्ये अपील न्यायालयाने व्यवहार कायम ठेवला. मात्र विलीनीकरणाआधी मासमार्टने कमी केलेल्या ५०३ कामगारांना परत घ्या, असा आदेशही दिला.