व्हेकेशन (चित्रपटमालिका)

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या ग्रिसवोल्ड कुटुंबाच्या फजितीच्या सहलींवर बेतलेली अमेरिकन विनोदी चित्रपटमालिका. १९८३ ते २०१५ या काळात तिचे पाच चित्रपट चित्रपटगृहांत झळकले. कुटुंबप्रमुख क्लार्कची भूमिका शेव्ही चेसने, तर त्याची पत्नी एलनची बेव्हर्ली डँजेलोने केली.

मालिकेचे मूळ जॉन ह्यूजच्या एका कथेत आहे. ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकात १९७९ साली आलेल्या या कथेतले वडील घरच्यांना घेऊन मोटारीने डिस्नीलँडला निघतात आणि ते बंद असल्याचे पाहून थेट वॉल्ट डिस्नीच्या पायावर गोळी झाडतात. कथा सांगणारा त्यांचा मुलगा होता. हॅरल्ड रॅमिसने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात (१९८३) डिस्नीलँडच्या जागी ‘वॉली वर्ल्ड’ हे काल्पनिक उद्यान आले आणि कथानक वडिलांच्या बाजूने मांडले गेले. हा बदल मोलाचा ठरला. क्लार्क विक्षिप्त असला तरी दुष्ट नाही. घरच्यांना आनंदात ठेवायचेच, या हट्टापायी तो सगळ्यांना वेठीस धरतो.

सहलीची सुरुवातच बिघडते. ठरवलेल्या गाडीऐवजी विक्रेता त्याच्या गळ्यात हिरव्या रंगाची, बाजूंना नकली लाकूड लावलेली बोजड स्टेशन वॅगन मारतो. वाटेत गाडीत बसवलेली एडना मावशी प्रवासातच दगावते. मग तिला ताडपत्रीत गुंडाळून टपावर बांधतात आणि भर पावसात मुलाच्या दारात सोडून पुढे निघतात. ग्रँड कॅन्यनला क्लार्क हॉटेलच्या गल्ल्यातून पैसे उचलून आलेला असतो. दरीसमोर उभा राहून तो दोन-तीनदा मान डोलावतो आणि सगळ्यांना गाडीत कोंबतो. वॉली वर्ल्ड गाठल्यावर कळते, की दुरुस्तीसाठी ते दोन आठवडे बंद आहे. पहिला शेवट चाचणी खेळांत प्रेक्षकांना रुचला नाही. तो नव्याने चित्रित करून त्यात जॉन कँडीचा सुरक्षारक्षक आणला गेला.

एमी हेकरलिंगचा युरोप-सहलीचा दुसरा चित्रपट (१९८५) तुकड्या-तुकड्यांत हसवतो. लंडनच्या वाहतूक बेटाभोवती रात्र पडेपर्यंत घिरट्या घालणारी त्यांची गाडी मात्र विसरता येत नाही. लास व्हेगासवरचा चौथा (१९९७) फिका आहे. रस्टी आणि ऑड्री या मुलांच्या भूमिकांत दर वेळी नवे चेहरे. चौथ्या चित्रपटात खुद्द क्लार्कच त्यावर शेरा मारतो. २०१५ च्या चित्रपटात मोठा झालेला रस्टी (एड हेल्म्स) बायकामुलांना घेऊन पुन्हा वॉली वर्ल्डलाच निघतो.

सर्वाधिक लोकप्रियता लाभली ती तिसऱ्या, नाताळवरच्या चित्रपटाला (१९८९). गंमत म्हणजे त्यात सहल नाहीच. पाहुणेच घरी येऊन ठाण मांडतात, रँडी क्वेडने साकारलेला फाटका नातेवाईक एडी तर आगंतुकच. क्लार्क घरावर २५,००० दिवे लावतो, पण सुरुवातीला ते पेटतच नाहीत. नाताळच्या बोनसच्या भरवशावर त्याने पोहण्याच्या तलावाची आगाऊ रक्कम भरलेली असते. पाकिटातून निघते ते दरमहा जेली पाठवणाऱ्या क्लबचे सदस्यत्व. अमेरिकेत डिसेंबर आला, की हा चित्रपट घरोघरी पुन्हा पाहिला जातो आणि त्यातल्या मूसच्या (उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले थोराड हरीण) डोक्याच्या आकाराच्या काचेच्या पेल्यांच्या प्रतिकृती बाजारात विकायला येतात.